एकशे एक कविता आणि चोवीस तागे

मी आयुष्यात एकही कविता केलेली नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. माझं काम कापड तपासायचं. लूमवरून उतरलेला तागा टेबलावर उलगडायचा, डोळे फिरवत जायचं, तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पट्टा दिसला की काठावर निळ्या पेन्सिलीने रेघ मारायची. शेवटी सगळं ठीक असेल तर कोपऱ्यावर माझी खूण. भिवंडीत मी वीस वर्षं हे केलं. त्यामुळे एका दिवसात एकशे एक कविता लिहायच्या ठरल्या, तेव्हा सगळ्यांनी मला एकमताने कवितांपासून लांब बसवलं आणि हातात वही आणि पेन्सिल दिली.

हे साल दोन हजार चार असेल, फार तर पाच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनं वाचनालय होतं. पुढच्या खोलीत पुरुष वर्तमानपत्रं वाचायचे. मागची खोली मंगळवारी दुपारी आम्हा बायकांची. पंधराएक जणी यायचो. पुस्तकं बदलून न्यायचो, पण खरं आकर्षण वेगळं होतं. एक निवृत्त शिक्षिका होत्या, आम्ही सगळ्या त्यांना बाई म्हणायचो. त्या दर मंगळवारी एका जाड कादंबरीची वीस-पंचवीस पानं मोठ्याने वाचून दाखवायच्या. कुणी लसूण सोलत ऐकायची, कुणी शिवण घेऊन यायची.

सगळ्यात पुढे बसायची ती अंजूरची मावशी. सत्तरीची असेल. ती धवलारीण होती, म्हणजे आगरी लग्नात एकेका विधीला धवले गाऊन लग्न लावणारी बाई. खाडीकाठच्या किती घरांतली लग्नं तिने लावली, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिला अक्षर येत नव्हतं. दर मंगळवारी ती रिक्षात बसून भिवंडीला यायची ती फक्त ऐकायला. कादंबरी अर्ध्यावर आली होती. त्यातली मुलगी नवऱ्याचं घर सोडून निघाली होती, हातात एक ट्रंक होती आणि ती कुठल्या स्टेशनवर उतरणार ते आम्हाला माहीत नव्हतं. मावशीला त्या मुलीची फार काळजी होती.

आणि नेमकं तेव्हाच वाचनालयाच्या अध्यक्षांना आमची खोली हवी झाली. अध्यक्ष म्हणजे कापडाचे व्यापारी, गावचेच, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. त्यांच्या गोदामाची डागडुजी चालली होती. "काही महिन्यांचा प्रश्न आहे वहिनी," ते मला म्हणाले. त्यांचं कापड माझ्याच हाताखालून जायचं, त्यामुळे माझ्याशी ते जरा मऊ बोलायचे. पण विचारायच्या आधीच त्यांनी चोवीस तागे कोपऱ्यात आणून रचले होते. भिवंडीत माल एकदा खोलीत शिरला की तो काही महिन्यांत बाहेर पडत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

बाई रागावल्या. "आम्ही तिथे वाचतो, शेठ."

"बाई, खरं सांगू? बायका तिथे पंख्याखाली बसायला येतात."

बाईंनी कुठेतरी वाचलं होतं की एका गावात लोकांनी मिळून एका दिवसात पन्नास कविता लिहिल्या. त्यांनी तो दाखला दिला. साहित्यावर स्त्रियांचं प्रेम असतं, वगैरे. शेठ मिशीवरून हात फिरवत हसले.

"पन्नास? तुम्ही शंभर करा. शंभर अन् वर एक. एका दिवसात, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. नव्या कोऱ्या, कुणाच्या ऐकलेल्या नकोत. जमलं तर खोली तुमची, मी परत नाव काढणार नाही. जबान दिली."

"आणि नव्या आहेत हे ठरवणार कोण?" बाईंनी विचारलं.

शेठनी माझ्याकडे बोट केलं. "वहिनी. यांची खूण असलेला तागा मी उलगडूनसुद्धा बघत नाही."

पुढच्या मंगळवारी सकाळी आठला आम्ही बसलो. मी वहीत आकडे घालून ठेवले होते. प्रत्येक कविता चार ओळींची तरी हवी, मी वाचणार, ठीक असेल तर खाली निळी खूण करणार. घरचं सगळं आटपून, डबे भरून, काही जणी तर कणीक मळून ठेवून आल्या होत्या. पहिला अर्धा तास कुणी कुणाकडे बघेना. मग बाईंनी एक केली, आणि बांध फुटला.

अडचण एवढीच की पहिल्या पंधरा कवितांत नऊ चंद्र निघाले. कुणाच्या खिडकीत चंद्र, कुणाच्या डोळ्यात चंद्र, एकीच्या दह्यात. मी पेन्सिल खाली ठेवली.

"आता चंद्र बंद. दुसरं काहीतरी बघा."

"मग कशावर लिहू?" कुणीतरी विचारलं.

"समोर जे असेल त्यावर. आज सकाळी काय केलंस?"

"नवऱ्याचे मोजे शोधले."

"लिही."

मोज्यांची कविता फार चांगली झाली. मग गाडी रुळावर आली. कुकर, रॉकेलची रांग, पडघ्याच्या बाजारातून आणलेली आणि घरी आल्यावर कडू निघालेली काकडी, जावेची नवी साडी, सगळं वहीत उतरायला लागलं. एका बाईने आपल्या गुडघ्यावर तीन केल्या, डाव्यावर दोन आणि उजव्यावर एक. अकरापर्यंत एकेचाळीस झाल्या.

अकराला लाईट गेली. तेव्हा ती रोजच जायची, चार-चार तास. पंखा थांबला आणि त्याबरोबर आजूबाजूचे सगळे लूम थांबले. बाहेरच्या माणसाला आमच्या गावातला खटखटाट सहन होत नाही. आम्हाला तो थांबला की कसंतरीच होतं. पाच मिनिटं सगळ्या पेन हातात धरून गप्प बसल्या. शेवटी बाजी उठली. ती आमची शेजारीण, घरी बसून लूमसाठी कांड्या भरायची, म्हणजे बाण्याचा, आडवा धागा कांडीवर गुंडाळायची. मराठी तिला समजायची, पण मनातलं बोलायला हिंदीच लागायची.

"भाभी, हिंदी चलेगा?"

नियमात भाषा नव्हती. मी म्हटलं, "चलेगा."

बाजीने कमरेवर हात ठेवून म्हटलं:

बत्ती गई तो लूम रुका, लूम के साथ शोर,
अब जाके मालूम पडा, सास का कितना जोर.
बत्ती आ जा, लूम चला दे, खटखट कर दे फिर,
उस खटखट के अंदर ही तो बचता मेरा सिर.

हसता हसता एकीच्या हातातला चहा सांडला तो वहीच्या बेचाळिसाव्या पानावर. तो डाग अजून आहे. घामाने पदर भिजले होते, पण एकही जण उठून गेली नाही. एक वाजेपर्यंत एकोणसत्तर झाल्या. मग मात्र आटलं. डबे खाऊन झाले, डोळे जड झाले. कुणी कागदावर फुलं काढत बसली, कुणी नुसतीच वारा घेत.

मावशी सकाळपासून गप्प होती. दोनदा विचारलं तर म्हणाली, "मना असं बसून सुचत न्हाय गो." बाईंनी आता तिचे हात धरले. "मावशी, तुम्ही नाही तर कोण? काहीही म्हणा."

मावशीने डोळे मिटले, आणि एकदम सुरू झाली. आवाज पातळ पण सरळ, ताणलेल्या धाग्यासारखा. पाहुणा आला, त्याला पाणी दिलं, पाट मांडला. पुस्तकाला हळद लावली, पुस्तकाला तेल लावलं, पुस्तकाला न्हाऊ घातलं. मी आणि आणखी एक जण आळीपाळीने लिहीत होतो, हात दुखायला लागले. तीन वाजेपर्यंत तिची एकोणीस झाली. एकूण अठ्ठ्याऐंशी. बाकी तेरा राहिल्या, हातात तीन तास. मधेच लाईट आली, पंखा फिरला आणि सगळ्यांना सणासारखं वाटायला लागलं.

तेवढ्यात शेठ डोकावले. तागे ठीक आहेत ना, ते बघायला आले असावेत.

"बसलाय अजून?" ते म्हणाले.

"साडेतीन तास लाईट नव्हती शेठ," मी म्हटलं. "पंखा बंद होता. मोजून घ्या, पंधराच्या पंधरा आहेत."

शेठनी एकदा वर पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "वाचा तर एखादी."

बाईंनी मोठ्या अभिमानाने मावशीचं पहिलं गाणं काढलं.

"वाचनालयाच्या दारी गो, कोन पावना आला, तांब्याभर पानी द्या त्याला, पाट बसाया घाला..."

"पाटाखाली रांगोली, पाटावरी शेला," शेठ गुणगुणले, आणि मान डोलावत बाहेर गेले. "छान आहे! सहाला येतो."

बाया खूश झाल्या. शेठना आवडलं म्हणून कुणीतरी टाळीसुद्धा दिली. मी वहीकडे बघत होते. बाईंनी दोनच ओळी वाचल्या होत्या. तिसरी शेठनी म्हटली होती, आणि वहीत तिसरी ओळ तीच होती, शब्दाला शब्द. स्वतः काय केलं ते शेठच्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्याही नाही.

मी तो एकोणीस गाण्यांचा पट्टा परत वाचला. पाहुणे, पाट, हळद, तेल, आंघोळ, मांडव. एखाद्या लग्नाचे विधी ओळीने लावावेत तसे. फक्त नवरी काढून पुस्तक घातलेलं. मी मावशीशेजारी जाऊन बसले.

"मावशी, ही गाणी जुनी आहेत?"

"जुनी कशी?" तिला खरंच कळेना. "दर लग्नात नवरी नवी, मांडव नवा, पावने नवे. मंग गानं जुनं कसं? आज पुस्तकाला लावलं. पुस्तकाला मी कदी लावलं न्हवतं."

मी पहिल्या गाण्याच्या पानावर बोट ठेवलं.

"पण शेठना पुढची ओळ पाठ होती," मी म्हटलं.

मावशी गालात हसली. मग म्हणाली, "त्याच्या हलदीला मीच होते. रडत व्हता हलद डोल्यात गेली म्हनून."

मी उठले आणि एकोणीसही पानांवर आडवी निळी रेघ मारली.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. एक जण माझ्यावर ओरडली, "तुला कुणी सांगितलं होतं एवढं खोलात जायला?" दुसरी म्हणाली, "शेठना कळलंसुद्धा नाही, आणि हिला कळलं!" बाईंनी शहाणपणाने समजावलं, "अहो, ही लोकपरंपरा आहे. लोकपरंपरेत जुनं-नवं असं नसतं."

"बाई, ते तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. "पण नियम ऐकलेलं नको असा होता आणि त्यांनी ते ऐकलंय. माझी खूण बघून तो माणूस तागा उलगडत नाही. उद्या तो एखाद्या लग्नाला गेला आणि हे गाणं तिथे लागलं, तर खोलीही जाईल आणि खूणही."

"मंग खोली आजच गेली," कोणीतरी म्हणालं.

एकोणसत्तर झाल्या होत्या. बत्तीस हव्या होत्या. साडेतीन वाजले होते आणि एकीलाही काही सुचत नव्हतं.

मावशी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, रागावली. ती म्हणाली, "नवीन पायजे ना? मंग कायतरी काम काढ."

"काम?"

"हलद कुटल्याबिगर हलदीचं गानं येतं का? पानी आनल्याबिगर पान्याचं? हात चालले तर तोंड चालतं. सकालपासून नुसती बसवून ठेवलीस मना."

मी खोलीभर नजर फिरवली. झाडायला काही नव्हतं, सकाळीच झाडलं होतं. कपाटं भिंतीला ठोकलेली. आणि कोपऱ्यात ते तागे. चोवीस.

"ते ओसरीवर न्यायचे," मी म्हटलं. "एका ताग्याला दोघी. प्रत्येक ताग्याला एक गाणं, आणि जिने तो उचललाय तिच्यावर गाणं. चालेल?"

मावशी उठून उभी राहिली, पदर खोचला. "ये गो. कोन पयली?"

पहिल्या दोघी बाई आणि बाजी. तागा दहा-बारा किलोचा, फार जड नाही, पण बाईंनी जन्मात खडूपेक्षा जड काही उचललं नसावं. मावशी त्यांच्यामागून चालत गेली, एक हात हवेत:

बाईंनी धरला डोक्याकडं, बाजीनं धरला पायाकडं गो,
तागा बोलतो कापडाचा, मना नेता कुनीकडं गो.
नेतो तुला ओसरीवर, टाकतो तुला खाटेवर गो,
पुस्तकांचं घर ह्ये, नीज जा तू वाटेवर गो.

सत्तर. मी दारात उभी राहून भिंतीवर वही टेकून लिहीत होते. पुढच्या दोघींपैकी एक जाड होती आणि एक हडकुळी, त्यांचं तर सोनंच झालं. लग्नात वरमाईची खोड काढावी तशी मावशी एकेकीची खोड काढत होती, आणि खोड निघालेली बाई हसत परत येऊन दुसऱ्या ताग्याला हात घालत होती. पुढच्या खोलीतले पुरुष वर्तमानपत्र खाली करून बघायला लागले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मदत करू का?" बाजी म्हणाली, "चाचा, आप बैठो. आप पे भी गाना बन जाएगा." ते घाईने बसले.

बाराव्या ताग्याला कुणीतरी ओरडलं, "मावशी, हिच्यावर करा! हिने पानं खोडली!" मला ओढून ताग्याला लावलं. वही बाईंनी घेतली.

निल्या पेन्सिलची मालकीण, उभी राहिली दारात गो,
डाग शोधते कापडात, डाग शोधते सुरात गो.
नवरा बी तपासलास का, घेताना त्या येली गो,
डाग दिसला तरी आता, परतीची नाय बोली गो.

घरी गेल्यावर हे नवऱ्याला सांगितलं नाही. गल्लीने सांगितलं.

हसण्याने बाकीच्यांची डोकीही सुटली होती. मावशी दम खायला बसली की मधल्या वेळात कुणीतरी एखादी करायची. ज्यांचा तागा नेऊन झाला त्या ओसरीवरच बसून लिहायच्या. अशा सात झाल्या. शेवटचा तागा बाहेर गेला तेव्हा सहाला आठ मिनिटं होती आणि वहीत शंभर. कोपरा रिकामा, फरशीवर ताग्यांच्या आकाराची धूळ. मी केरसुणी घेतली, सवयीने.

"एक राहिली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "मावशी?"

"काम संपलं ना," मावशी भिंतीला टेकून म्हणाली. "आता कशावर?"

तेवढ्यात ओसरीवरून शेठचा आवाज आला. "हे काय? अरे, हे काय? माल बाहेर कुणी काढला?"

ते दारात आले. एक हात मिशीवर, चेहरा लाल. मावशीने त्यांना बघितलं आणि तिचे डोळे चमकले. काम आपल्या पायाने चालत आलं होतं.

वाचनालयाच्या दारी गो, शेठ पावना आला...

राग असूनही शेठचे ओठ हलले. तांब्याभर पानी, असं ते पुटपुटले, आणि थांबले. कारण मावशी पाण्याकडे गेलीच नाही.

...कापड त्याचं ओसरीवर, गाडीत त्याच्या घाला.
तागं गेलं भायेर शेठ, पोथ्या बसल्या आत गो,
दिली जबान पाल आता, काढ मिशीवरचा हात गो.

शेठनी खरंच हात काढला. पंधरा बायका आणि पुढच्या खोलीतले सगळे पुरुष एकदम हसले, आणि मग तेही हसले. काय करतील? ज्या बाईने हळद लावून आपल्याला बोहल्यावर चढवलं, तिच्यापुढे कोण रागावून दाखवणार?

मी शेवटची कविता उतरवून घेतली. पुढची ओळ शेठना आली नव्हती, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. खाली खूण केली आणि वही त्यांच्यापुढे धरली.

"एकशे एक. मोजा."

त्यांनी पानं चाळली. निळ्या रेघांच्या पानांशी थांबले. "ही का खोडलीत? मला तर आवडली होती."

"तुम्हाला पाठ होती म्हणून."

त्यांनी ते पान परत वाचलं. ओठ हलताना मला दिसत होते. मग वही मिटून माझ्या हातात दिली. "मोजत नाही," ते म्हणाले. "खूण आहे ना." मग मावशीकडे वळून, "काकी, हळद डोळ्यात गेली ते कुणाला सांगितलं नाहीत ना?"

"न्हाय रे," मावशी म्हणाली. "पंधरा जनींनाच."

दुसऱ्या दिवशी शेठचा टेम्पो येऊन तागे घेऊन गेला. रात्रभर ओसरीवर राहून सगळ्यात वरच्या दोन ताग्यांवर धूळ बसली होती, ती मीच झटकून दिली. खोलीचं नाव त्यांनी परत काढलं नाही. वही माझ्याकडे आहे. एकशे एकांपैकी बऱ्या म्हणाव्यात अशा तीसएक असतील. मोज्यांची त्यांत आहे.

त्या संध्याकाळी मात्र सगळ्या डबे गोळा करून निघायच्या तयारीत होत्या. घरी स्वयंपाक वाट बघत होता. मावशी जागची हलली नाही. रिकाम्या कोपऱ्यात, जिथे तागे होते तिथे, पाय पसरून बसली.

"मावशी, रिक्षा मिळणार नाही मग," मी म्हटलं.

"मिलंल. आज मंगलवार हाय ना?" ती बाईंना म्हणाली. "मंग वाच. ती पोरगी कुठल्या ठेसनावर उतरली?"

बाईंना आवाज नव्हता. त्यांनी पुस्तक माझ्याकडे दिलं. मी चष्मा लावला, खूण घातलेलं पान काढलं आणि वाचायला लागले.